क्रिया (यामिकी)

क्रिया : एखाद्या वस्तूने एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत केलेल्या संपूर्ण प्रवासाला मिळून एकच आकडा देणारी राशी. वाटेतल्या प्रत्येक क्षणी वस्तूच्या गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची आणि त्या वजाबाक्या प्रवास संपेपर्यंत जमा करत जायचे; शेवटी जी बेरीज हाती येते ती क्रिया. तिचे एकक ज्यूल-सेकंद. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात शाळेत शिकलेली ‘क्रिया’ वेगळी. ते एक बल आहे. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द रूढ झाल्यामुळे हा खुलासा आधीच केलेला बरा.

अभिजात यामिकी मोठ्या वस्तूंची आणि पुंजयामिकी लहान कणांची, अशी ढोबळ वाटणी नेहमी केली जाते. खरी सीमा आखते ती क्रिया. हे पाहायला एक चेंडू पुरे.

१०० ग्रॅमचा चेंडू सरळ वर फेकला आणि तो बरोबर २ सेकंदांनी हातात परत आला, असे समजू. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर तो ५ मीटर उंच जाऊन येतो. त्या प्रवासाची क्रिया उणे ३.३३ ज्यूल-सेकंद भरते. आता त्याच २ सेकंदांत चेंडूने दुसरे काय केले असते ते कागदावर करून पाहावे. तो हातातच राहिला असता तर क्रिया शून्य. त्याच धाटणीच्या वाटेने पण २.५ मीटरच वर गेला असता तर उणे २.५. ७.५ मीटर गेला असता तरी उणे २.५, आणि १० मीटर गेला असता तर पुन्हा शून्य. सर्वांत कमी आकडा ५ मीटरच्या वाटेचा, आणि खरा चेंडू नेमका त्याच वाटेने जातो. बलाचे नाव न घेता, क्षणाक्षणाचे त्वरण न काढता, न्यूटनच्या नियमांतून मिळणारेच उत्तर इथे मिळते. हाताने आकडेमोड करून पाहणाऱ्याला पहिल्यांदा हे जुळते तेव्हा खरोखर नवल वाटते.

याला ‘लघुतम क्रियेचे तत्त्व’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. निसर्गात घडणाऱ्या वाटेची क्रिया दर वेळी लघुतमच असते असे नाही; वाट जराशी हलवली तर क्रिया जवळजवळ बदलत नाही, एवढीच अट असते. म्हणून ‘स्थिर क्रिया’ हे नाव अधिक काटेकोर.

तत्त्वाचा इतिहास वादाचा आहे. प्रकाश कमीत कमी वेळेची वाट धरतो, हे फर्माने १६६२मध्ये मांडले होते. लॅपलँडच्या बर्फाळ प्रदेशात मोजणी करून पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याचे दाखवणाऱ्या मोपेर्त्युईने १७४४पासून हीच दृष्टी पुढे नेली आणि निसर्गाच्या या काटकसरीत ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा पाहिला. त्याच वर्षी ऑयलरने गणिताने पक्की मांडणी छापली. पुढे श्रेयावरून भांडण पेटले, व्हॉल्तेअरने मोपेर्त्युईची टर उडवणारे पुस्तक लिहिले आणि प्रशियाच्या राजाने ते जाळायला लावले. भांडण विरले, गणित मात्र वाढत गेले. लाग्रांजचा १७८८चा ग्रंथ एकही आकृती न काढता सगळी यामिकी मांडतो. वर वापरलेली व्याख्या हॅमिल्टनने १८३४-३५मध्ये रूढ केली.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांकने तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे सूत्र सिद्ध करताना एक नवा स्थिरांक वापरला. त्याचेही एकक ज्यूल-सेकंदच, म्हणजे क्रियेचे. प्लांकने त्याला नावच ‘क्रियेचा मूलभूत पुंज’ असे दिले. हा आकडा अतिशय लहान आहे : ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४वा घात. १९१३मध्ये नील्स बोरने हायड्रोजनच्या अणूची जी प्रतिकृती मांडली, तिच्यात सर्वांत आतल्या कक्षेत इलेक्ट्रॉनच्या संवेगाची एका फेरीवरची बेरीज बरोबर एक प्लांक स्थिरांक भरते. चेंडूच्या क्रियेत असे स्थिरांक मोजायचे तर ५ वर ३३ शून्ये द्यावी लागतील. इलेक्ट्रॉन आणि चेंडू यांच्यातला फरक या दोन आकड्यांत आहे.

पण चेंडूला आपली वाट आधी कशी ठाऊक असते? या प्रश्नाचे उत्तर अभिजात यामिकीकडे नव्हते. १९३३मध्ये पॉल डिरॅकने एका निबंधात त्याची चाहूल दिली. १९४१मध्ये प्रिन्स्टनला एका बैठकीत रिचर्ड फाइनमनला त्या निबंधाबद्दल कळले, आणि त्यावरून त्याने जी रीत उभी केली ती १९४२च्या प्रबंधात आणि १९४८च्या शोधनिबंधात आली. फाइनमनच्या मते कण एकच वाट निवडत नाही. शक्य असलेली प्रत्येक वाट हिशेबात धरावी लागते. प्रत्येक वाटेचा एक काटा कल्पावा, घड्याळाच्या काट्यासारखा. क्रिया एका प्लांक स्थिरांकाने बदलली की काटा एक पूर्ण फेरा घेतो. शेवटी सगळे काटे एकापुढे एक जोडून बेरीज करायची.

आता पुन्हा चेंडूकडे. त्याची वाट ५ मीटरपेक्षा फक्त एका प्रोटॉनच्या व्यासाएवढी उंच धरली तरी काटा ५००हून जास्त फेरे फिरतो. शेजारच्या वाटांचे काटे असे दाही दिशांना विखुरले की एकमेकांना रद्द करतात. क्रिया जिथे स्थिर असते तेवढ्याच वाटेच्या आसपास काटे एका दिशेला राहतात, म्हणून चेंडूची एकच रेघ दिसते. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत काटे इतके वेगाने फिरत नाहीत, अनेक वाटा बेरजेत टिकतात, आणि म्हणून त्याची अशी एक रेघ काढता येत नाही. न्यूटनची यामिकी खोटी ठरली असे म्हणणे त्यामुळे चूक आहे. प्लांक स्थिरांकाच्या तुलनेत क्रिया प्रचंड असली की पुंजयामिकीतूनच न्यूटनचे नियम निघतात.

आधुनिक भौतिकीत नवा सिद्धांत मांडताना बहुधा आधी त्याची क्रियाच लिहितात. व्यापक सापेक्षतेची क्रिया हिल्बर्टने १९१५मध्ये दिली. जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉईल यांचा १९६४चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतही क्रियेपासूनच सुरू होतो. एमी नोएथरने १९१८मध्ये प्रसिद्ध केलेले प्रमेय तर याच राशीवर उभे आहे : काळ पुढेमागे सरकवूनही क्रियेचे सूत्र बदलत नसेल, तर ऊर्जा अक्षय्य राहते.

२० मे २०१९पासून प्लांक स्थिरांकाचे मूल्य कायमचे ठरवून टाकण्यात आले आणि किलोग्रॅमची व्याख्या त्यावरून करण्यात येऊ लागली. पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथे १८८९पासून किलोग्रॅमचे प्रमाण मानला गेलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल तेव्हा निवृत्त झाला. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.