आकानचे हिरवे गोळे

माझी सगळी नोकरी शैवालं शिकवण्यात गेली. क्लॅडोफोरा या हिरव्या शैवालाच्या तासाला मी विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ बशीत घेऊन जायचे आणि त्याच्या एका दूरच्या नातेवाइकाची गोष्ट सांगायचे. हा नातेवाईक म्हणजे जपानच्या होक्काइडो बेटावरच्या आकान सरोवरातला मारिमो.

१८९७ साली सापोरो कृषी महाविद्यालयाच्या कावाकामी ताकिया या विद्यार्थ्याला तिथे हे हिरवे गोळे सापडले. मारिमो हे नाव त्याचंच. जात मात्र नवी नव्हती. लिनियसनं ती १७५३ मध्येच नोंदवली होती. युरोपातल्या कितीतरी तळ्यांत ती आढळते, पण खडकाला चिकटलेली, नाहीतर तळाशी सुट्या झुपक्यांत. तिचे मोठे, रेखीव गोळे होतात ते मोजक्याच सरोवरांत.

मारिमो कापला तर आत दगड नाही की गाभा नाही. मध्यापासून चहूकडे गेलेले फांद्याफांद्यांचे तंतू असतात आणि आत उजेड पोचत नसूनही ते हिरवेच राहतात. फार वाढलेला गोळा आतून पोकळ होतो. आकानच्या उत्तरेला चुरुई नावाची उथळ खाडी आहे. वाऱ्यानं उठलेल्या लाटा तिथल्या गोळ्यांना जागच्या जागी डोलवतात, फिरवतात. त्यामुळे प्रत्येक अंगाला ऊन मिळतं, वर बसलेला गाळ झडतो आणि गोळा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. हा गोलपणा त्या जागेनं दिलेला आहे, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगत असे.

सरकारला ते उशिरा उमगलं. १९२१ मध्ये मारिमोला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला, पण सरोवराचे हाल थांबले नाहीत. जंगलतोडीपायी गाळ आला. जलविद्युतेसाठी पाणी सोडलं की पातळी उतरायची आणि गोळे काठावर वाळून जायचे. पर्यटक आठवण म्हणून ते उचलून नेत. चार ठिकाणच्या वसाहतींपैकी शेवटी दोनच उरल्या.

मग गावानंच मनावर घेतलं. १९५० पासून दर ऑक्टोबरमध्ये तिथे मारिमो उत्सव भरतो आणि आइनू या तिथल्या मूळ समाजातले वडीलधारे होडीतून गोळे पुन्हा पाण्यात सोडतात. पर्यटकांना आइनूंची म्हणून एक करुण प्रेमकथाही ऐकवली जाते. ती १९२०च्या दशकात एका जपानी पत्रकाराच्या पुस्तकातून पसरली. ज्यांचं सरोवर, त्यांच्याच तोंडी परक्याची गोष्ट घालावी, हे मला फार लागतं.

आइसलँडच्या मिवाट्न सरोवराला मात्र आकानसारखी सावरायची संधी मिळाली नाही. तिथे मारिमोला कायद्याचं संरक्षण २००६ मध्ये मिळालं आणि पुढच्या काही वर्षांतच तिथले गोळे जवळपास नाहीसे झाले.

आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत 'मॉस बॉल' मिळतात. ते आकानचे नसतात, कारण तिथला मारिमो उचलायला बंदी आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये अशाच विकाऊ गोळ्यांत उपद्रवी झेब्रा शिंपले सापडले होते. तेव्हा घरी असा गोळा असेल तर तो कंटाळा आला म्हणून गावच्या तळ्यात टाकू नका.