न रंगलेला मेंदू

जनावराच्या रक्तात रंग टोचला, की थोड्याच वेळात त्याचे यकृत, मूत्रपिंडे, स्नायू रंगून निघतात. मेंदू मात्र पांढराच राहतो. पाउल एर्लिश यांनी १८८५ साली ही गोष्ट नोंदवली आणि कारणही देऊन टाकले: मेंदूला हे रंग धरून ठेवता येत नाहीत.

गुरूचे हे म्हणणे शिष्यानेच खोडून काढले. एडविन गोल्डमन यांनी १९०९ साली ट्रिपन ब्लू हा रंग रक्तात सोडला, तेव्हाही मेंदू कोराच राहिला. मग १९१३ साली त्यांनी तोच रंग मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूला रंग चढतो, पण रक्तातून तो तिथवर पोचत नाही, एवढे त्यातून नक्की झाले. वाट अडवतो कोण, ते मात्र कळायचे होते.

या अडसराला नाव मिळाले १९२१ मध्ये, जिनिव्हात. ते देणाऱ्या लीना स्टर्न तिथल्या विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९२५ साली त्या मॉस्कोला गेल्या आणि १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. दहा वर्षांनी ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात त्यांना अटक झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये त्यांच्या तेरा सहआरोपींना गोळ्या घालण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या स्टर्नबाईंना तुरुंगवास आणि कझाकस्तानात हद्दपारी. स्टालिनला दीर्घायुष्याच्या संशोधनात रस होता म्हणून त्या वाचल्या, अशी कथा सांगतात. खरेखोटे कोण जाणे! १९५३ मध्ये स्टालिन गेला आणि त्या मॉस्कोला परतल्या.

कोडे सुटले ते १९६७ साली, हार्वर्डमध्ये. थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदरांच्या रक्तात एक एन्झाइम सोडले आणि ते कुठे अडते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केशवाहिन्यांना आतून अस्तर असते ते चपट्या पेशींचे. इतर अवयवांत या पेशींमध्ये फटी सापडतात. मेंदूत त्यांच्या कडा एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. एन्झाइम त्या सांध्यांपाशीच थबकले होते. ज्यांना तोवर नुसते नळीचे अस्तर समजले जात होते, त्याच पेशी अडसर निघाल्या.

या अडसराचे म्हातारपणाशी काय नाते, हा धागा वेगळीकडून येत होता. पॅरिसच्या मॅक्स द्युराँ-फार्देल यांना १८४२ सालीच वृद्धांच्या मेंदूच्या कापांत रक्तवाहिन्यांभोवती चाळणीसारखी छिद्रे दिसली होती. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतात. विसाव्या शतकातले डॉक्टर बराच काळ 'मेंदूच्या रोहिण्या कठीण झाल्या' म्हणून संपवत. दोष कधी मोठ्या वाहिन्यांवर, कधी चेतापेशींवर. अस्तराच्या पेशी म्हाताऱ्या होतात तेव्हा काय होते, हे विचारायला फार उशीर झाला.

२०१५ साली कॅलिफोर्नियात बेरिस्लाव झ्लोकोविच यांच्या गटाने जिवंत माणसांच्या मेंदूत हे एमआरआयवर पाहिले. वय वाढते तशी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी जोडलेल्या भागात, रक्तवाहिन्यांची गळती वाढते. स्मृती थोडी अधू झालेल्यांत ती आणखी जास्त होती.

पण फक्त सांधे सैल पडतात असे समजणे अपुरे आहे. स्टॅनफर्डमध्ये टोनी वाइस-कोरे यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या अस्तर-पेशींवर व्हीसीएएम-१ हे प्रथिन वाढते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यालाच चिकटतात. ते रोखले तेव्हा उंदरांच्या मेंदूतला दाह कमी झाला आणि शिकण्याच्या चाचण्यांत ते सुधारले.

पुढच्या वर्षी त्याच गटाने रक्तद्रवातल्या प्रथिनांना खुणा लावून ती उंदरांच्या शरीरात सोडली. तरुण अस्तर-पेशी पृष्ठभागावरच्या ग्राहकांच्या मदतीने नेमकी प्रथिने पारखून आत घेतात. उतारवयात ही निवड मागे पडते आणि सरसकट आत ओढण्याचा मार्ग वाढतो. केशवाहिन्यांना बाहेरून बिलगणाऱ्या पेरिसाइट पेशीही तेव्हा विरळ झालेल्या असतात. एएलपीएल नावाचे एन्झाइमही वाढलेले आढळले. ते दाबून टाकल्यावर म्हाताऱ्या मेंदूकडे ग्राहकांच्या वाटेने जाणारी ने-आण पुन्हा वाढली. औषध मेंदूपर्यंत पोचवणे हीच मुख्य अडचण असलेल्या संशोधकांनी या निष्कर्षाकडे लगेच लक्ष दिले.