आपल्या पूर्वजांचा धंदा आणि जुनी वर्तमानपत्रे

आपल्या त्वष्टा कासार ज्ञातीत पूर्वजांच्या गोष्टी नाहीत असे घर विरळाच. कोणी सांगतो, आमच्या मूळपुरुषाला पेशव्यांनी कोकणातून पुण्यास बोलावून आणले. कोणी सांगतो, आमच्या घरी शिवराई पाडली जात असे. कोणाच्या घरी तोफा ओतल्याची कथा आहे. या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकताना बालवयात मोठा अभिमान वाटतो. परंतु पुढे मुलाबाळांनी "हे कशावरून?" असे विचारले म्हणजे आपणांस उत्तर सुचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील जमाखर्चाच्या वह्या १२ जुलै १९६१ रोजीच्या पानशेतच्या पुरात गेल्या. त्यामुळे शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या वर्तमानपत्रांचा आश्रय घेतला. त्यातून जे हाती आले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेखनप्रपंच केला आहे.

प्रथम वर्तमानपत्रांची मर्यादा सांगितली पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस निघाले. पेशवाई तर १८१८ साली बुडाली. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली आणि 'केसरी' १८८१ साली सुरू झाला. तेव्हा पेशव्यांनी आपणांस आणले की नाही, याचा निवाडा वर्तमानपत्र करू शकत नाही. त्यासाठी पेशवे दप्तरातील मोडी कागदांकडेच गेले पाहिजे. मात्र आपल्या घरांतील बहुतेक गोष्टी त्यामानाने अलीकडच्या, म्हणजे खापरपणजोबा व पणजोबा यांच्या काळच्या असतात. त्या ताडून पाहण्यास वर्तमानपत्रांसारखे दुसरे साधन नाही.

दुसरी अडचण अशी की, त्या काळच्या पत्रांत कारागिरांची नावे क्वचितच आढळतात. सभा, व्याख्याने, परीक्षांचे निकाल यांत विद्वान व सावकार मंडळींची नावे दिसतात. आपले लोक 'तांबट लोक' एवढ्याच शब्दांत येतात. तेही आग लागली, साथ आली किंवा बाजार बसला तर. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला, तेव्हा कष्टकरी वर्गाची दाद घेणारे पत्र निघाले. परंतु असे पत्र एखादेच. म्हणून पूर्वजाचे नाव सापडले नाही, यावरून तो नव्हताच किंवा क्षुल्लक होता असे अनुमान काढू नये. नाव शोधण्यापेक्षा धंद्याचा शोध घ्यावा. धातूचे भाव, लिलावाच्या नोटिसा, जाहिराती, रेल्वेच्या बातम्या, म्युनिसिपालिटीचे ठराव यांतून धंद्याची हकीकत उभी राहते, आणि त्या हकीकतीत आपला पूर्वज कोठे बसतो हे मग आपोआप उमगते.

आता तीन गोष्टींचा विचार करू. आमच्या आजीची एक आवडती गोष्ट अशी होती की, खापरपणजोबांच्या काळी एका वर्षी देवीची अशी कृपा झाली की माजघर आढ्यापर्यंत हंडे, घागरी, परातींनी भरून गेले, आणि त्याच वर्षी घराला दुसरा मजला चढला. साल कोणते, हे कोणास ठाऊक नव्हते. 'मोठ्या दुकाळाच्या सुमारास' एवढेच काय ते सांगितले जाई. हा दुष्काळ म्हणजे १८७६–७८ चा. त्या काळी 'केसरी' निघाला नव्हता. 'ज्ञानप्रकाश' आणि सार्वजनिक सभेचे प्रयत्न यांवरूनच त्या दिवसांची कल्पना येते. सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारकडे पाठविली. कामावरील मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कमी झाली, तेव्हा लोकांनी कामे सोडली. दख्खनच्या खेड्यांतील कुणब्यांनी प्रथम गुरे विकली, मग दागिने आणि शेवटी घरातील तांब्यापितळेची भांडी बाजारात आणली. ती मोडीच्या भावाने गेली. हे वाचल्यावर आमच्या माजघरातील भांडी कोठून आली, हे वेगळे सांगण्याचे कारण उरत नाही. नव्या भांड्यांस त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हते. मोड मात्र अमाप येत होती.

ही गोष्ट स्मरणिकेत लिहावी की नाही, याचा लेखकाने पुष्कळ विचार केला. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी "कशास घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडता?" असेही म्हटले. परंतु खापरपणजोबांनी चोरी केली नाही. मोड घेणे हा आपला धंदाच आहे, आणि विकणाऱ्यास त्या दिवशी धान्यापुरते पैसे त्यांच्याकडूनच मिळाले. तथापि त्या दुसऱ्या मजल्याखाली कोणाच्या तरी घरची रिकामी चूल आहे, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्या. नुसत्या वैभवाच्या कथा सांगून कुळाची थोरवी वाढत नाही.

दुसरी गोष्ट प्लेगची. पणजोबांचे दुकान सोजिरांनी चार महिने बंद पाडले, आणि ते उघडले तेव्हा रँडचा खून झाला होता, अशी ती कथा. पुण्यातील घरांची झडती १८९७ च्या मार्चच्या मध्यापासून मेच्या उत्तरार्धापर्यंत चालली. रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जून रोजी, आणि ३ जुलै रोजी तो मरण पावला. म्हणजे सोजिरांचा काळ दोन महिन्यांहून थोडा अधिक. मग चार महिने कोठून आले? त्याच वर्षाच्या उत्तरार्धात प्लेग पुन्हा आला, आणि पुढेही काही वर्षे येत राहिला. लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहू लागले. घरच्या कथेत या दोन वेळा एक झाल्या असाव्या. यात कथा खोटी ठरत नाही. भीती आणि उपासमार खरीच होती. फक्त कालाची गाठ सुटली.

तिसरी समजूत आपल्या सर्वच घरांत आहे: विलायती मालाने आपला धंदा बुडविला. तिचा विचार सावकाश केला पाहिजे. पुण्यास रेल्वे १८५८ साली आली आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. त्यानंतर मुंबईस बोटीने उतरलेला तांब्यापितळेचा पत्रा पुण्यास सहज येऊ लागला. तो पत्रा विलायती होता हे खरे. पण त्यामुळे धातू ओतून, ठोकून पत्रा करण्याचे कष्ट वाचले आणि पुण्याची भांडी दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागली. म्हणजे विलायती पत्र्याने धंदा प्रथम वाढला. हानी झाली ती निराळीच. पत्रा आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती भांडवल गेले आणि पुष्कळ तांबट वजनावर मजुरी घेणारे झाले. खरा घाला विसाव्या शतकात पडला. ॲल्युमिनियमची हलकी भांडी आली. दुसऱ्या महायुद्धात धातूंवर नियंत्रण येऊन पत्रा मिळेनासा झाला. पुढे स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर व्यापले आणि बंबाची जागा गॅसच्या गीझरने घेतली. पुण्याच्या गोखले संस्थेने १९३६ साली दख्खनमधील शहरी हस्तव्यवसायांवर अभ्यास प्रसिद्ध केला, तोही या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सारा दोष परक्यावर टाकला म्हणजे व्यापाऱ्याचे भांडवल आणि कारागिराचे हात यांची फारकत आपल्याच आळीत कशी झाली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

ज्या तरुणांस असा शोध घ्यावयाचा आहे, त्यांना चार सूचना कराव्याशा वाटतात. घरातील वृद्धांची गोष्ट प्रथम त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या हयातीत लिहून घ्यावी. ती सुधारू नये. मग त्यातील दुष्काळ, साथ, आग, पूर अशा खुणांवरून साल ठरवावे. शक व तिथी असल्यास जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढावी. त्यानंतर त्या सालाच्या मागचे-पुढचे सहा महिने चाळावे आणि प्रत्येक टिपणावर पत्राचे नाव, तारीख व पान लिहावे. केसरीवाड्यातील ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे याचा आरंभ करता येईल. जुन्या अंकांची पाने पापडासारखी मोडतात. त्यांना हात बेताने लावावा.

आज मठारकामाचा ठोका आळीत पूर्वीसारखा घुमत नाही. हातोडा खाली ठेवलेल्या घरांतील मुले शिकून मोठ्या पदांवर गेली, हे आनंदाचेच आहे. परंतु पत्र्याला झाळ कशी देतात, मठारताना हात कसा फिरवितात, हे सांगणारी माणसे थोडी राहिली आहेत, आणि ही माहिती कोणत्याही वर्तमानपत्रात छापलेली नाही. कागदावरचे शोधण्यास पुढेही अवधी मिळेल. माणसांजवळचे मात्र आजच विचारून घेतले पाहिजे. मंडळाने यासाठी एक वही घालावी आणि प्रत्येक घराने तिच्यात निदान एक पान लिहावे, अशी नम्र विनंती करून, श्रीकालिकामातेच्या चरणी मस्तक ठेवून हा लेख पुरा करतो.