बोटीवरील गोड्या पाण्याचा पंप: बिघाड कसा ओळखावा?

गोव्यात 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर जेटीला बांधून ठेवलेले असतात. समुद्रात जाणाऱ्या पर्यटन बोटींनाही पावसाळ्यात बराच काळ विश्रांती मिळते. हंगाम जवळ आला की इंजिन, जाळी, दिवे आणि बिनतारी यंत्रणा यांची तपासणी होते. गोड्या पाण्याच्या व्यवस्थेकडे मात्र बहुधा शेवटी लक्ष जाते. दोन महिने साचलेले पाणी, दमट हवेने गंजलेली तारांची टोके आणि सुकून कडक झालेले रबर यांचा परिणाम किनारा दूर गेल्यावर दिसतो. नळ उघडला तरी पाणी येत नाही, किंवा कोणीही नळ उघडलेला नसताना पंप सुरू होतो.

अशा वेळी पंप निकामी झाला असे समजून नवा पंप आणला जातो. तो बसवल्यावरही तक्रार कायम राहिली, तर खर्च आणि वेळ दोन्ही वाया जातात. पाणी टाकीपासून नळापर्यंत आणि वीज बॅटरीपासून पंपापर्यंत ज्या मार्गाने जाते, तो मार्ग क्रमाने तपासला, तर दोष बहुतेक वेळा पंपाच्या बाहेरच सापडतो.

व्यवस्थेची रचना

लहान होडीवर पाण्याचे पिंप पुरेसे असते. केबिन, स्वयंपाकाची जागा आणि स्वच्छतागृह असलेल्या बोटीवर मात्र टाकी, गाळणी, विजेचा पंप, नळ्या आणि नळ अशी साखळी असते. पंप सामान्यतः 12 किंवा 24 व्होल्टचा, पडद्याच्या हालचालीने पाणी ओढणारा असतो. त्यावर दाबाचा स्विच बसवलेला असतो. नळ उघडला की नळीतील दाब उतरतो आणि स्विच पंप सुरू करतो. नळ बंद केल्यावर दाब वाढून पंप थांबतो. अनेक पंपांत हा थांबण्याचा दाब 2.8 बार, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे 40 पौंड असतो. नेमका आकडा पंपावरील पट्टीवर दिलेला असतो.

पंप सतत सुरू-बंद होऊ नये म्हणून काही बोटींवर दाब साठवणारी छोटी टाकी जोडलेली असते. गरम पाण्याची सोय असल्यास हीटर आणि त्याचा सुरक्षा व्हॉल्व्हही याच साखळीत येतात. पंपाच्या अलीकडील, म्हणजे टाकीकडील नळीत पाणी ओढले जाते. पलीकडील नळीत ते दाबाखाली असते. बिघाड शोधताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

पंप सुरूच होत नाही

प्रथम मुख्य स्विच, फ्यूज आणि बॅटरी पाहावी. फ्यूज उडाला असल्यास त्याच क्षमतेचा नवा फ्यूज लावावा. मोठ्या क्षमतेचा लावल्यास तार तापून आग लागण्याचा धोका असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर अडकली आहे किंवा तारेत कोठेतरी शॉर्ट आहे, असे समजावे.

फ्यूज शाबूत असल्यास मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. नळ उघडा आणि स्विच चालू ठेवून आधी बॅटरीवर, नंतर पंपाच्या तारांवर मोजणी करावी. 12 व्होल्टच्या व्यवस्थेत या दोन आकड्यांत एक व्होल्टहून अधिक फरक आढळला, तर वाटेतील जोड गंजलेला आहे किंवा तार बारीक आहे. तांब्यावर चढलेला हिरवा थर हे त्याचे उघड लक्षण होय. असा जोड नुसता घासून पुन्हा जोडण्यापेक्षा कापून, कलई केलेल्या तारेने नवा करणे श्रेयस्कर.

पंपापर्यंत वीज नीट पोहोचत असूनही मोटर फिरत नसेल, तर दाबाच्या स्विचची परीक्षा करावी. त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्यावर मोटर फिरली, तर दोष स्विचचा आहे. ही जोडणी केवळ तपासणीपुरती असावी. स्विच वगळून पंप चालू ठेवल्यास दाब वाढत जाऊन नळी निसटू किंवा फाटू शकते. ही सारी तपासणी कमी व्होल्टच्या पंपापुरती आहे. जेटीवरून 230 व्होल्टची वीज घेणाऱ्या उपकरणाला पात्र वीजतंत्रज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये.

पंप फिरतो, पण पाणी येत नाही

टाकीत पाणी आहे आणि तिचा व्हॉल्व्ह उघडा आहे, याची खात्री आधी करावी. दोन टाक्या असलेल्या बोटीवर रिकाम्या टाकीचाच व्हॉल्व्ह उघडा राहिल्याचे अनेकदा आढळते.

त्यानंतर पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडून स्वच्छ करावी. टाकीच्या तळाचा गाळ, शेवाळ किंवा प्लास्टिकचा कीस तिथे अडकतो. गाळणी बसवताना तिच्या झाकणाखालील रबरी कडे नीट बसले आहे का, हे पाहावे. कडे वाकडे बसले किंवा त्याला चीर गेली, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पाणी ओढणाऱ्या बाजूची अशी गळती फसवी असते, कारण तिथून पाण्याचा थेंबही बाहेर पडत नाही. उलट हवा आत जाते. नळातून पाणी फुरफुरत, हवेच्या बुडबुड्यांसह येणे ही तिची खूण होय. त्या बाजूच्या सर्व क्लिपा घट्ट कराव्यात आणि चिरलेली नळी बदलावी.

टाकीची हवानळी तुंबली असेल, तर पाणी उपसले जाताना टाकीत हवा शिरत नाही. प्रवाह हळूहळू मंदावतो आणि प्लास्टिकची टाकी आत दबते. टाकी भरण्याचे झाकण उघडताच प्रवाह पूर्ववत झाला, तर दोष हवानळीचा आहे. पाणी अर्ध्या टाकीपर्यंतच येत असेल, तर टाकीतील ओढनळी त्या उंचीवर चिरली असण्याचा संभव असतो.

रिकामी झालेली व्यवस्था पुन्हा सुरू करताना पंपापासून सर्वांत दूरचा नळ उघडा ठेवावा. नळ बंद असल्यास नळीतील हवा बाहेर पडू शकत नाही आणि पंपाला पाणी वर ओढता येत नाही. एकाच नळाचे पाणी मंद असेल, तर पंपापर्यंत जाण्याआधी त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. तिथे क्षार साचलेले असतात.

नळ बंद असूनही पंप सुरू होतो

हे सर्वांत गंभीर लक्षण आहे. अर्ध्या तासाने दोन-तीन सेकंद वाजून थांबणारा पंप किरकोळ वाटतो, परंतु त्याचा अर्थ दाब कोठून तरी निसटतो आहे असा होतो. मिनिटाला 12 लिटर पाणी देणाऱ्या पंपाची नळी निसटली, तर 200 लिटरची टाकी सुमारे 17 मिनिटांत रिकामी होते. ते पाणी बोटीच्या तळातील खोलगट भागात, म्हणजे बिल्जमध्ये जाते. तिथला स्वयंचलित पंप ते समुद्रात फेकतो आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच पिण्याचा साठा संपतो. बिल्ज पंप बंद पडलेला असल्यास तेच पाणी बोटीत साचत जाते.

गळती शोधण्यासाठी पंपाच्या लगेच पुढे असलेला व्हॉल्व्ह बंद करावा. तरीही पंप मधूनमधून वाजत असेल, तर त्याच्या आतील झडपेखाली कण अडकला आहे किंवा झडप झिजली आहे. पंप शांत राहिला, तर गळती पुढील नळ्यांत आहे. मग एकेक शाखा बंद करून पाहावी. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरल्यास बारीक ओलही दिसते. हीटरचा सुरक्षा व्हॉल्व्ह बहुधा नजरेआड बिल्जमध्येच थेंब सोडतो, त्यामुळे तो आवर्जून पाहावा. डेकवरचा शॉवर आणि शौचालयाची नळीही विसरू नये.

गळती नसतानाही नळ थोडासा उघडताच पंप धडधडत सुरू-बंद होत असेल, तर दाब साठवणाऱ्या टाकीतील हवा कमी झालेली असते. पंप बंद करून, नळ उघडून, सर्व दाब उतरवल्यावर टायरच्या मापकाने ती हवा मोजावी. ती पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवावी.

पाणी येते, पण ते पिण्याजोगे आहे का?

पंप सुरळीत चालला म्हणजे काम संपले असे नाही. 2024 मध्ये दक्षिण गोव्यातील कुटबण जेटीवर मच्छीमार कामगारांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली होती. जेटी आणि बोटींवरील स्वच्छता व पाण्याची शुद्धता कामगारांच्या जिवाशी निगडित असल्याचे तिने दाखवून दिले.

बंदीनंतर जुने पाणी पूर्ण उपसून टाकी आतून धुवावी. निर्जंतुकीकरणासाठी दर 100 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट 100 मिलिलिटर घातल्यास लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. सुगंध किंवा साबण मिसळलेले ब्लीच वापरू नये. पाण्याचा फिल्टर असल्यास त्याचा आतील भाग आधी काढून ठेवावा. क्लोरीनचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ उघडावा आणि द्रावण रात्रभर राहू द्यावे. नंतर टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावी. टाकी अ‍ॅल्युमिनियमची असल्यास आधी तिच्या उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा अन्य आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

भारतीय मानकानुसार क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते तपासण्याचे साधे संच बाजारात मिळतात. जेटीवर पाणी भरताना नळीतील पहिले पाणी वाहू द्यावे आणि बागेच्या नळीऐवजी पिण्याच्या पाण्यासाठीचीच नळी वापरावी.

बोटीवर काय असावे?

सुटे फ्यूज, पंपाच्या झडपा व पडद्याचा संच, दाबाचा स्विच, गाळणीचे रबरी कडे, स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, हातभर नळी आणि मल्टिमीटर एवढे साहित्य एका डब्यात मावते. बोट सोडून जाताना आणि रात्री झोपताना पंपाचा स्विच बंद करावा. पिण्याचे थोडे पाणी नेहमी वेगळ्या, झाकणबंद कॅनमध्ये ठेवावे, म्हणजे टाकी रिकामी झाली तरी किनाऱ्यावर परतेपर्यंत खलाशांना पाणी पुरेल.