हृदयाचे सीटी स्कॅन : परिचारिकेची भूमिका आणि आपली तयारी (म्हैसूर)

सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध (कॉन्ट्रास्ट) सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली जातात. चित्रण काही सेकंदांतच होते. मात्र त्याआधी परिचारिका आपल्याला अनेक प्रश्न विचारतात. हे प्रश्न केवळ नोंदीसाठी नसतात. आपली सुरक्षितता त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

परिचारिकेला हे अवश्य सांगा

• पूर्वी कॉन्ट्रास्टची किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी झाली असल्यास
• मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा थायरॉइडचा त्रास असल्यास
• मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असल्यास
• गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास
• सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतली असल्यास. स्कॅनवेळी नायट्रोग्लिसरीन दिल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. संकोच करू नका.

कन्नड येत नसल्यास औषधांची पाकिटे व जुने अहवाल सोबत न्या.

स्कॅनपूर्वी

चहा-कॉफी टाळा, त्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि चित्र अस्पष्ट येते. ठोके कमी करण्यासाठी गोळी दिली जाऊ शकते. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

स्कॅनच्या वेळी

औषध सोडताच अंगभर उष्णता जाणवते. हे सामान्य आहे. सुई टोचलेल्या जागी दुखल्यास किंवा सूज आल्यास लगेच सांगा. श्वास रोखण्याची सूचना कन्नड किंवा इंग्रजीत असू शकते. ती आधी समजून घ्या व एकदा सराव करा.

स्कॅननंतर

परिचारिका काही वेळ आपल्यावर लक्ष ठेवतात. लगेच निघू नका. पाणी कमी पिण्याचा सल्ला नसल्यास भरपूर पाणी प्या. अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ सांगा. घरी असल्यास १०८ वर संपर्क साधा.

आर्थिक साहाय्य

म्हैसूरमध्ये केआरएस रोडवरील श्री जयदेव हृदयरोग संस्था ही कर्नाटक शासनाची स्वायत्त संस्था आहे. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारसंरक्षण मिळते. मात्र दाखल न होता केलेल्या तपासणीचा खर्च त्यात सहसा येत नाही. त्यामुळे आधार कार्ड व शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आयुष्मान भारत मदतवाहिनी : १४५५५