दिनविशेष : 27 ऑक्टोबर
1991 : अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप'चा आरंभ

रहेजा उद्योगसमूहाने 1991 मध्ये आजच्या दिवशी अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप' सुरू केले. नव्या औद्योगिक धोरणाला जेमतेम तीन महिने झाले होते. दिवाळीच्या कपड्यांसाठी दादर किंवा फोर्ट गाठणाऱ्या उपनगरवासीयांना आता घराजवळच मोठे वातानुकूलित दालन मिळाले. प्रारंभी येथे पुरुषांचे कपडे होते. पुढे महिला व मुलांचे विभाग आले. बी. एस. नागेश यांच्या नेतृत्वाखाली ही साखळी देशभर पसरली आणि 2005 मध्ये शेअर बाजारात आली.

किरकोळ व्यापारातील परकीय मालकीबाबत याच काळात जपानमध्ये वेगळे चित्र होते. अमेरिकेच्या वॉलमार्टने 2002 मध्ये 'सेइयू' या सुपरमार्केट साखळीत अल्प हिस्सा घेतला आणि 2008 मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. 2021 मध्ये त्यातील बहुतांश मालकी केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेली.

परकीय गुंतवणुकीबाबत भारताने मात्र सावध पावले टाकली. अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांत 51 टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीला 2012 मध्ये परवानगी मिळाली, तीही राज्यांच्या संमतीने. 2017 मध्ये ॲमेझॉनने 'शॉपर्स स्टॉप'मध्ये सुमारे 5 टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, तरी नियंत्रण रहेजांकडेच राहिले. अंधेरीत रुजलेल्या या उद्योगाने देशी व्यवस्थापनाची ताकद सिद्ध केली, हे अभिमानास्पद आहे.