दाखल-खारीज

२०२३च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून मला बोलावणं आलं. कुणबी नोंदी शोधायचं काम तेव्हा जोरात होतं. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती आणि मराठवाड्यातल्या शाळांमधली, तहसिलांमधली निजामकाळची दप्तरं कपाटातून बाहेर निघत होती. जुनी रजिस्टरं उर्दूत. गावात उर्दू वाचणारी पिढी संपलेली. मला थोडंफार वाचता येतं, म्हणून हेडमास्तरांनी निरोप धाडला.

शाळेच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. पंचवीस-तीस पोरं मोबाईल घेऊन भोवती उभी. आजोबाचं, पणजोबाचं नाव निघालं की फोटो काढायचा, मग उताऱ्यासाठी अर्ज. मी पान उलटायचो आणि नाव मोठ्यानं वाचायचो. फसली सनाचा हिशेब त्या पोरांना नवा होता. आजूर, दै, बहमन हे महिने म्हणजे आपले ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. फसली सालात ५९० मिळवायचे, आणि जानेवारी लागला की ५९१. एवढं सांगितल्यावर एका पोरानं मोबाईलवरच हिशेब मांडला आणि पुढचा दिवसभर मला मदत केली.

दुपारी एका पानावर माझं बोट थांबलं. थोरल्या तात्यांचं नाव. तात्या म्हणजे माझे सगळ्यात मोठे चुलते. वडिलांचं नाव, गाव, धंदा काश्तकारी, सगळं बरोबर. शेवटच्या रकान्यात तारीख होती १६ आजूर १३४०, म्हणजे १९३०चा ऑक्टोबर. तिच्यापुढे खारीज, आणि सबब म्हणून एकच शब्द: गैरहाजिरी.

मी कॉलेजच्या ऑफिसात छत्तीस वर्षं अशीच रजिस्टरं लिहिली. १९७९ला कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, २०१५ला मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. नाव कमी केल्याची कारणं हजारो वेळा लिहिली असतील. पण तात्यांच्या नावापुढचा तो शब्द वाचून मला गलबलून आलं, कारण तात्या गैरहाजर नव्हते. ते चार कोसांवर हिप्परग्याला शिकायला गेले होते, आणि त्या शाळेत गेलेल्या पोराचं नाव सरकारी दप्तरात असंच खारीज व्हायचं.

हिप्परगा आज लोहारा तालुक्यात आहे. हिप्परगा रवा म्हणतात. तिथं १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. राष्ट्रीय शिक्षण हे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतलं एक कलम, १९०६च्या कलकत्ता काँग्रेसची. असहकाराच्या लाटेत १९२० साली अहमदाबादला गुजरात विद्यापीठ निघालं, १९२१ला पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. ती इंग्रजी मुलखातली गोष्ट. आमचा मुलूख निजामाचा. इथं वरचं शिक्षण उर्दूतून, १९१८चं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. प्राथमिकला तहतानिया म्हणायचे, त्याच्या वर वस्तानिया आणि मग फौकानिया. शेतकऱ्याच्या पोराची मजल तहतानियापर्यंत गेली तरी खूप झालं. त्यात १९२४ साली खानगी मदारिसचा नियम आला, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय खासगी शाळा काढायची नाही. गावोगावच्या छोट्या शाळा त्यात बंद पडल्या. अशा काळात रेल्वे नाही, धड सडक नाही अशा खेड्यात हिप्परग्याची शाळा टिकली. ती टिकवणाऱ्यांची छाती किती मोठी असेल, याचा विचार मी अजूनही करतो.

१९२९ साली या शाळेत मुख्याध्यापक म्हणून एक तरुण आला. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म १९०३चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शिक्षण टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचं. त्याआधी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेला. तात्या शाळेत गेले तेव्हा ते खेडगीकर मास्तरच होते. पुढं त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. तात्यांच्या बोलण्यात या दोन्ही नावांची सरमिसळ व्हायची. शाळेचं काही सांगताना ते 'मास्तर' म्हणायचे, पुढच्या लढ्याचं सांगताना 'स्वामीजी'. त्यांच्या तोंडून कुठला शब्द निघाला, त्यावरून गोष्ट कधीची आहे हे आम्हाला कळायचं.

तात्यांनी तिथं किती वर्षं काढली याचा कागद कुठंच नाही. दोन पावसाळे, असं ते सांगायचे. आठवड्याला घरून भाकरीचं पीठ आणि तिखट जायचं. आजी ते फडक्यात बांधायची, आणि फडक्याच्या दुसऱ्या टोकाला मूठभर ज्वारी वेगळी बांधायची. ती मास्तरांच्या कोठीसाठी. घरात कितीही ओढ असली तरी ती मूठ चुकली नाही. माझ्या लेखी आमच्या घराण्यानं शाळेला दिलेली पहिली देणगी ती.

१९३५ला स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी शाळेत त्यांनी काम उभं केलं. तात्या मात्र त्याआधीच औत धरायला घरी परतले होते. पण हिप्परग्याच्या शाळेत बसलेली माणसं विखुरली तरी तुटली नाहीत. तिथले कितीतरी शिक्षक आणि विद्यार्थी पुढं हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरले. १९३८च्या सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. १९४८ला सोलापूर-बार्शीच्या हद्दीवर मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते, तेव्हा तात्या महिना-दीड महिना घरी नव्हते. तेव्हा ती गैरहजेरी लिहायला कुणी रजिस्टर घेऊन बसलं नव्हतं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि ते चालत घरी आले. हिप्परग्याच्या शाळेनं त्यांच्याकडून माजी विद्यार्थी मेळाव्याची पावती कधी फाडली नाही. तरी मला माजी विद्यार्थी म्हटलं की आधी तात्या आठवतात.

त्यांनी शाळेचं ऋण फेडलं ते वेगळ्याच तऱ्हेनं. १९४८नंतरही आमच्याकडच्या पोराला पदवीचं शिक्षण लांबच होतं. नांदेडला स्वामीजींच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज निघालं १९५०ला, त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेबांचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ला. उमरगा-लोहाऱ्याच्या पोरानं मात्र सोलापूरचं दयानंद कॉलेज धरायचं किंवा गुलबर्गा. खोलीचं भाडं, खानावळ. कोरडवाहू शेतकऱ्याला ते झेपायचं नाही. मग तालुक्यातच कॉलेज काढायचं ठरलं. मी तेव्हा लहान होतो, पण बैलगाडी आठवते. गाडीत पोतं, पोत्याशेजारी पायली आणि अडीशेरी, आणि पुढं तात्या. सुगीच्या दिवसांत खळ्याखळ्यावर जायचे. कुणी पायलीभर द्यायचं, कुणी मणभर. एका म्हातारीनं ओंजळभर करडई दिली होती. तात्यांनी तीही वहीत मांडली. स्वतःला सही करता येत नाही अशा माणसांनी आमच्या कॉलेजच्या पायात धान्य ओतलं. त्यांच्यातल्या बऱ्याचजणांच्या घरातलं पहिलं मूल कॉलेजच्या पायरीवर चढायला पुढं वीस वर्षं लागली.

त्या कॉलेजात मी शिकलो आणि तिथंच चिकटलो. माझ्या आधीच्या बाबूंनी लिहिलेलं १९७२-७३चं रजिस्टर मी कितीदा तरी उघडलं असेल. दुष्काळाचं साल. नाव कमी केल्याच्या रकान्यात पानामागून पान दोनच कारणं: कामावर गेला, गाव सोडले. कामावर म्हणजे दुष्काळी कामाच्या खडीवर. यातले काही जण दोन वर्षांनी परत दाखल झाले. बाकीच्यांचं पुढं काय झालं, हे रजिस्टर सांगत नाही. मी खिडकीत बसू लागल्यावर त्यांतला कुणी ना कुणी यायचा. टी.सी.ची दुय्यम प्रत पाहिजे, पेन्शनसाठी जन्मतारीख पाहिजे, पोराच्या जात पडताळणीला बापाचा उतारा पाहिजे. कागद हातात पडला की लगेच यष्टी गाठायची घाई. मी म्हणायचो, आत चला, चहा घ्या, तुमचे अमुक सर अजून आहेत. दहातला एखादा आत यायचा. इतरांना मनात लाज असायची, हे मला हळूहळू कळलं. अर्धवट सोडलं, फी बुडवली, कुठं मोठे झालो नाही, मग कोणत्या तोंडानं आत जायचं. ही लाज काढून टाकावी म्हणून मी हे लिहायला बसलो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. किल्लारीच्या भूकंपाबद्दल इथल्या माणसाला जास्त सांगायला नको. आमच्या बाजूची सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं मातीच्या ढिगाऱ्यात गेली. मोठाल्या दगडांच्या, मातीनं बांधलेल्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती, तीच माणसांवर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडून नुसता बसलो होतो. खिडकीशी एक जण आला. १९८४ला बी.ए. झालेला, पुण्यात कारखान्यात कामाला. बाहेर टेम्पो उभा, त्यात चादरी, कंदील, पातेली. त्यानं टी.सी. मागितली नाही. म्हणाला, "बाबूजी, सास्तूर-होळीची पोरं किती आहेत यंदा? नावं द्या."

मी त्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि गाववार नावं फुलस्केप कागदावर उतरवून दिली. हात थरथरत होता, तरी अक्षर नीट काढलं, कारण पावसात भिजलेला कागद वाचायचा होता. त्याच्याबरोबर मीही टेम्पोत बसलो. वाटेत कॉलेजचे आणखी जुने विद्यार्थी भेटत गेले. बार्शीहून कुणी, सोलापूरहून कुणी, एक तर थेट मुंबईहून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आम्ही यादी घेऊन तंबूतंबूनं फिरलो. जो सापडला त्याच्या नावावर टिंब दिलं. संध्याकाळी ज्या नावांवर टिंब नव्हतं, ती मी दुसऱ्या आठवड्यात रजिस्टरात लाल शाईनं लिहिली. मयत. त्या यादीचा कागद मी जपून ठेवला आहे. आमच्या कॉलेजचा पहिला माजी विद्यार्थी मेळावा कधी झाला असं कुणी विचारलं, तर मी तो दिवस सांगतो.

पुढं नॅक आलं. मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, म्हणून कॉलेजोकॉलेजी संघ निघाले, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली. हे चांगलंच झालं, निमित्त कुठलं का असेना. पण मी एका ठिकाणच्या मेळाव्याला गेलो होतो. फेटे, शाली, श्रीफळं, दोन तास सत्कार. ग्रंथालयाचं कुलूप त्या दिवशी उघडलंच नाही. वर्गात शिकणारी पोरं खुर्च्या मांडायला होती, त्यांच्याशी एकही पाहुणा बोलला नाही. मला रात्री झोप लागली नाही. त्या पोरांना शालीची गरज नव्हती. बी.एस्सी. करून पुढं काय, नर्सिंगची परीक्षा कशी देतात, पुण्यात उतरल्यावर पहिली रात्र कुठं काढायची, हे सांगणारं माणूस त्यांना हवं होतं. ते सांगणारे पन्नास जण त्या मांडवात बसले होते.

निवृत्तीनंतर मी एक नवीन रजिस्टर घातलं आहे. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी कण्याचं, जुन्या मापाचं. रकाने मीच आखले: नाव, कॉलेजातलं साल, सध्या कुठं, काय करता, आणि शेवटचा, परत आल्याची तारीख. कॉलेज सोडल्याचं कारण विचारणारा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. पहिल्या ओळीत तात्यांचं नाव लिहिलं. ते आमच्या कॉलेजात शिकले नव्हते, पण हरकत घ्यायला कोण आहे? त्यांच्या परत आल्याच्या तारखेत मी बैलगाडीचं वर्ष लिहिलं.

आता त्यात बरीच नावं झाली आहेत. ट्रक चालवणारा एक जण दर जूनमध्ये येतो, परीक्षा फॉर्म भरायला अडलेल्या दोन पोरांचे पैसे खिडकीत भरतो आणि पावतीवर त्यांचीच नावं घालायला लावतो. एक परिचारिका हैदराबादहून येते, मुलींना घेऊन वडाखाली तासभर बसते. एकानं नुसतं ग्रंथालयाच्या दाराचं बिजागर बदलून दिलं, सुतार आहे. हे सगळं मी त्या रजिस्टरात लिहितो, अडीशेरीनं मोजून घेतल्यासारखं.

रविवारी ऑफिस बंद असतं, पण मी कॉलेजसमोरच राहतो आणि किल्ली शिपायाकडून आणता येते. तुम्ही १९७९ ते २०१५ या काळात तिथून बाहेर पडला असाल, तर तुमच्या टी.सी.वरचं अक्षर बहुधा माझं आहे. 'र' थोडा खाली ओढलेला. आलात की तेवढं सांगा, ओळख लगेच पटेल.